भाऊबंदकीच्या वैरात प्रेमकथा कशी बसवावी? खानदेशातील एका कादंबरीच्या पात्रांविषयी

प्रश्न : गिरणाकाठ

मी सध्या एका ग्रामीण कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्यावर काम करतो आहे आणि तिच्यातील पात्रांच्या बाबतीत अडलो आहे. कथेचे गाव कल्पित असले तरी ते भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी आहे. गावात बोलणे निघते ते कापसाचे नाहीतर केळीचे, धरणातून आवर्तन कधी सुटणार हा बाराही महिन्यांचा विषय, आणि काळ २००४ ते २००६ चा, म्हणजे भारनियमनामुळे शेतातली वीज रात्री-अपरात्री येण्याचा.

वैर दोन सख्ख्या भावांचे आहे. थोरले आबा, धाकटे नाना. वडील १९८७ साली वारले, तेव्हा अठरा एकर जमीन दोघांनी गावातल्या चार माणसांसमोर तोंडी वाटून घेतली. १९७२ च्या दुष्काळात खोदलेली विहीर मात्र सामाईक राहिली. विहिरीच्या पाळीवरून भांडण सुरू झाले, ते बांधावर आले, मग शेतरस्त्यावर, आणि आता एका घरच्या लग्नपत्रिकेत दुसऱ्या घराची नावेही छापली जात नाहीत. हा भाग बरा उतरला आहे असे मला वाटते, कारण आमच्याकडे वैर म्हटले की ते भाऊबंदकीचेच. परक्याशी झालेले भांडण माणूस दोन हंगामांत विसरतो. भाऊबंदाशी धरलेला अबोला मुलांच्या नावावर चढतो.

अडचण प्रेमकथेची आहे. आबांचा मुलगा आणि नानांची मुलगी हे नात्याने भाऊ-बहीण. तेथे राखी बांधली जाते, तेथे प्रेमाचा विचारही वाचकाला सोसणार नाही. वैर दोन वेगळ्या कुळांत नेले तर प्रेमकथा सुरळीत चालते, पण वैरातला जीव जातो. शिवाय खर्डा वाचणाऱ्या एका मित्राचे म्हणणे असे की, आबा आणि नाना यांच्यात फरक कळत नाही, नानांची मुलगी नुसती रडते, आणि ज्याला मी केवळ निरोप पोहोचवण्यापुरते ठेवले होते तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी, दगडू तेवढा जिवंत वाटतो.

वैर भाऊबंदकीचेच ठेवून प्रेम निषिद्ध कसे ठरावे आणि ते ठरताना ही माणसे कशी उभी करावीत, याविषयी जाणकारांनी लिहावे.

उत्तर : बांधावरचा वाचक

दोन भाऊ आहेत, अठरा एकर आहे, वडील वारले आहेत. मग बहीण कोठे आहे? आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या घरात दोन-तीन बहिणी सहज निघतात. त्या पाच-दहा कोसांवर दिलेल्या असतात, आणि वडिलांचे दिवस आटोपले की एखाद्या सकाळी भाऊ त्यांना जीपगाडीत बसवून तालुक्याला नेतात, हक्कसोड पत्रावर सह्या घेतात आणि परतताना साडी-चोळी करतात. तुमच्या कथेतल्या बहिणीने ही सही केली नाही असे धरा.

समजा ती वेणूआत्या. नदीपलीकडच्या गावात दिलेली, आणि तिचा मुलगा किशोर. नानांची वैशाली ही त्याच्या मामाची मुलगी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे आते-मामे भावंडांचा विवाह एरवी निषिद्ध नात्यात मोडतो, परंतु रूढी असेल तर तो ग्राह्य धरला जातो, आणि आतेभावाला मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची रूढी एवढी जुनी आहे की पोरे शाळेत जाण्याआधीपासून घरचेच त्यांना एकमेकांच्या नावाने चिडवतात. म्हणजे ज्या लग्नात एरवी दोन्हीकडच्या बायकांनी हौसेने हळद दळली असती, तेच लग्न एका न झालेल्या सहीमुळे अशक्य होऊन बसते. जातीची आडकाठी नाही, कुळाची नाही. आडवी आली आहे ती जमीन. तुमचे वैर आणि तुमची प्रेमकथा यांना मग वेगवेगळी कारणे शोधावी लागत नाहीत.

आबा-नाना सारखे वाटतात, कारण तुम्ही दोघांनाही रागीट केले असणार, असा माझा अंदाज आहे. वैर उद्या मिटले तर कोणाचे काय जाईल, हे आधी ठरवा. आबांना गावात मान आहे तो धाकट्याने छळलेला थोरला म्हणून. पारावर त्यांच्यासाठी जागा केली जाते, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, चहा मागवला जातो. समेट झाला की हे सगळे संपले. नाना निराळे आहेत. ते स्वतः बागेत राबणारे, पाळीच्या रात्री बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणारे. त्यांना खरोखरच पाणी हवे आहे आणि ते मिळाले तर उद्या ते भांडण सोडून देतील. एकाला भांडण हवे, दुसऱ्याला पाणी. हे पहिल्या काही पानांत आले तर नाव न लिहिताही कोण बोलतो आहे ते कळेल.

आणखी एक सुचते. किशोर-वैशालीचे प्रकरण बाहेर आल्यावर दोघे भाऊ काय करतील? माझ्या मते ते एक होतील. आत्याचा हिस्सा आणि मामाची मुलगी एकाच अंगणात गेली तर आपल्या हाती काय राहील, ही धास्ती दोघांनाही सारखीच आहे. इतक्या वर्षांनी आबा नानांच्या ओट्यावर चढतात, गाव समजते की समेट झाला, कोणी पेढेही वाटतो. आणि आत वैशालीला घाईने दुसरीकडे उजवून टाकण्याचा बेत चाललेला असतो.

उत्तर : फेरफार

महसूल खात्यात नोकरी झाली असल्यामुळे वरच्या सूचनेतील हिशेबाची बाजू लिहितो. हे पक्के करून घ्यावे. आपला वाचक सातबारा वाचणारा आहे, तो चटकन बोट ठेवतो.

आई वडिलांच्या आधी गेली असे धरू, म्हणजे आकडेमोड सरळ होते. १९८७ साली वडील आणि दोन मुलगे असे तिघे सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः वाटा असलेले, होते. अठरा एकरांत वडिलांचा वाटा सहा एकरांचा, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या सहांना दोन मुलगे आणि एक मुलगी असे तीन वारस. म्हणजे वेणूआत्याला दोन एकर, भावांना आठ-आठ. भाऊ हक्कसोड मागत होते ते या दोन एकरांचे. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना तिचा लाभ नव्हता; आत्याला तरणाताठा मुलगा आहे, तेव्हा ती तेथेही वगळली गेली. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती अमलात आली आणि तिच्यात लग्नाची अट नाही. त्या दुरुस्तीने आत्याचा वाटा भावांच्या बरोबरीचा, म्हणजे सहा एकरांचा होऊ शकतो.

तुमच्या कथेच्या काळातच दोनाचे सहा होत आहेत, हे ध्यानात घ्या. पहिल्या भागात दोन एकरांसाठी हट्ट धरणारी बहीण गावाला हेकेखोर वाटते. तिची समजूत घालायला नातेवाईक जातात, ‘भावापेक्षा माती मोठी का’ असे विचारतात. दुसऱ्या भागात तीच बाई काही न करता तिपटीची धनीण होण्याच्या वाटेवर असते, आणि आता तिची समजूत घालायला गेलेल्यांचा आवाज बदललेला असतो. आत्या तीच, हट्ट तोच. बाकी सगळी पात्रे तिच्याभोवती आपापली जागा बदलतात.

आबांच्या पात्राला येथे चांगले काम आहे. तालुक्याला ऊठबस असलेला माणूस, त्याला ही बातमी सर्वांआधी लागणार. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना नव्या दुरुस्तीने धक्का लागत नाही, पण त्यासाठी वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. या भावांनी तर चार माणसांसमोर तोंडी वाटले आहे. ‘आपल्यात कागद कशाला’ असे १९८७ मध्ये म्हणाले कोण, नाना की आबा, यावर एक अख्खे प्रकरण होईल. त्या चार माणसांपैकी किती जिवंत आहेत, हेही पाहा.

नंतर भाऊ आत्याचे नाव सातबाऱ्यावरून परस्पर कमी करण्याचा अर्ज देतील. फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना बजावावी लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. कोतवाल ती नोटीस घेऊन नदीपलीकडे जातो आणि घरात असतो तो किशोर. मामाने आईविरुद्ध केलेला अर्ज भाचा सही करून घेतो, आणि त्याच संध्याकाळी त्याला त्या मामाच्या मुलीला भेटायचे असते. शेतरस्त्याचे भांडण दाखवायचे असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारापुढे दावा लावा. स्थळपाहणीला पंच लागतात. पंच म्हणून कोण पुढे येतो आणि कोणाला त्या दिवशी नेमके काम निघते, यावरून गाव कोणाच्या बाजूचे आहे ते लेखकाला सांगावे लागत नाही.

कादंबरीला उत्तरभाग जोडणार असाल तर एवढेच : वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असले पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आणि २०२० साली तो फिरवला. आत्याने २००६ मध्ये दावा लावला असेल, तर या दोन निकालांच्या दरम्यान ती हरलेली बाई म्हणून जगली असेल.

उत्तर : माहेर पारोळा

पुरुषमंडळींनी वाटे पाडून दिले, आता मुलीकडे वळू या. वैशाली रडते, कारण तुम्ही तिला फक्त अशाच जागी उभे केले आहे जेथे पुरुष तिच्याविषयी बोलत असतात. तिला काम द्या. २००६ साली एकोणीस वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजात जाणारी मुलगी घरात कोणते काम करते? ती वाचते. विजेचे बिल, सोसायटीची नोटीस, कोर्टाचा कागद, सगळे नाना तिच्यापुढे टाकतात. तेव्हा आत्याच्या सहा एकरांचा मजकूर नानांना मोठ्याने वाचून दाखवणारी वैशालीच असणार. आणि वाचता वाचता तिच्या लक्षात येते की, हाच कायदा तिलाही लागू आहे. आत्या जशी आजोबांच्या जमिनीत, तशी ती नानांच्या जमिनीत वाटेकरी आहे. ती हे वाक्य वाचते की गाळते, हे तुम्ही ठरवा, पण त्या क्षणानंतर ती नुसती प्रेमात पडलेली मुलगी राहत नाही. नानांनाही ती तशी राहिली नाही हे कळले, तर बापलेकीच्या नात्यात जे येईल ते कोणत्याही प्रेमपत्रापेक्षा अवघड आहे.

सणांचा उपयोग करा, पण वर्णनासाठी करू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, हे सर्वांना माहीत आहे. तुमच्या कथेत प्रश्न असा की, वेणूआत्या उतरणार कोणाच्या घरी? दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, ती दोघांच्याही रोषातली, आणि आखाजीला माहेरी न जाणे म्हणजे सासरी मान खाली घालणे. तिला आणायला मुराळी म्हणून कोण जाणार? त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. दोन घरांत दोन घागरी, दोन्ही एकाच बापाच्या नावाने, दोन्हींवर डांगर आणि सांजोरी. आत्या एकीला नमस्कार करून दुसरीकडे गेली, तर ओसरीवर बसलेल्या बायका कोणाकडे आधी गेली एवढेच मोजतील.

श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशी देवीचे रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि भाऊबंद जेथे असतील तेथून मूळ घरी येतात. आमच्या घरी रोटाचे धान्य घेताना घरातल्या पुरुषमाणसागणिक सव्वा मूठ मोजली जाते, तान्ह्या पोराचीही. थोरल्या घरी मुठी घेताना नाना आणि त्यांच्या मुलाच्या नावाने मूठ पडते की नाही? माझ्या मते आबांची बायको ती गुपचूप टाकते. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची मूठ नसते आणि लेकींचीही नसते. हे वैशाली दर वर्षी पाहत आली आहे, पण कायद्याचा कागद वाचल्यानंतरच्या श्रावणात ती पहिल्यांदा तेथून नजर काढत नाही. आमच्याकडे रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, त्यामुळे किशोरला तिने रोट नेऊन दिला असा प्रसंग कृपया लिहू नका. तो वाचकाला गोड वाटेल आणि माझ्या सासूबाई पुस्तक मिटून ठेवतील.

वैशालीच्या आईला तुमच्या प्रश्नात जागाच नाही. ती या रक्ताची नाही, वैर तिला लग्नात मिळाले. दोघी जावा गावादेखत बोलत नसतील, पण मागच्या भिंतीवरून विरजण जाते आणि येते. कोणाच्या मुलीला पाहुणे बघायला येणार हेही त्याच वाटेने कळते. मला वाटते, आईला हे स्थळ मनातून पसंत असावे. नणंद ओळखीची, मुलगा डोळ्यांदेखत वाढलेला, गाव नदीपलीकडे. लेकीसाठी याहून काय हवे? पण हे तिने कधीच बोलून दाखवू नये. नवऱ्याच्या भीतीने ती गप्प असते, एवढेच कारण दिले तर पात्र पोकळ होईल. तिच्या स्वतःच्या माहेरी तिने हक्कसोडावर सही केलेली आहे. आत्या जिंकली तर आपण काय केले, हा विचार तिला नको आहे.

उत्तर : सातपुड्याखाली

सगळी मांडणी नेटकी आहे आणि म्हणूनच मला शंका येते. आते-मामे भावंडांचे प्रेम हे खानदेशातले निषिद्ध प्रेम म्हणून वाचकापुढे ठेवायचे का? दोन पंच मध्ये पडले, आत्याने चार एकर सोडले, नाना पाघळले की लग्न लागते. जे लग्न तडजोडीने लागू शकते त्याला निषिद्ध म्हणू नये. खरी बंदी जातीची असते, आणि ती पंचांनी, कायद्याने वा अश्रूंनी उठत नाही. तुम्ही ज्याला निरोप्या म्हणून ठेवले तोच जिवंत झाला, कारण त्याच्याकडे तुमच्या कथेतले खरे दुःख आहे.

सालदार म्हणजे काय ते शहरी वाचकासाठी नव्हे, तर तुमच्या स्वतःसाठी एकदा लिहून काढा. आखाजीला साल ठरते, पुढच्या आखाजीला संपते. आधी घेतलेली उचल फिटली नाही तर पुढचे सालही त्याच दारी. दगडू एके काळी आबांकडे होता आणि आता नानांकडे असेल, तर विहिरीच्या पाळीत कोणी किती तास चोरले हे जगात त्याला एकट्यालाच माहीत आहे. दोन्ही मालक त्याला साक्षीला ओढतात आणि दोघांचीही उचल त्याच्या डोक्यावर आहे. त्याचा मुलगा वैशालीच्या वर्गात असेल तर? मग आबा आणि नाना एक व्हायला जमिनीचे कारण लागणार नाही. एका रात्रीत एक होतील आणि गाव त्यांच्या मागे असेल. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा राज्यात २०१७ साली लागू झाला. तुमच्या काळात दगडूचे घर वाळीत पडले असते तर तो कोणत्या कलमाचे नाव घेणार होता?

तुम्ही हे लिहावे असा माझा आग्रह नाही. पण आत्याची कथा निवडताना दगडूची टाळली आहे, हे लेखकाला ठाऊक असावे.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वेणूआत्या स्वीकारली. तिच्यामुळे वैर भाऊबंदकीतच राहते आणि मुलगा-मुलगी भाऊबंदकीबाहेर पडतात, जे मला जमत नव्हते. वैशालीच्या आईविषयी लिहिलेले वाचून जुन्या खर्ड्यातली तिची चार वाक्ये काढून टाकली; चारही स्वयंपाकघरातून ‘जेवायला या’ म्हणण्याची होती.

सातपुड्याखाली यांच्या आक्षेपाला मात्र अर्धेच मान्य करतो. दगडूच्या मुलाची प्रेमकथा ही स्वतंत्र कादंबरी आहे. ती या कथेत पोटकथा म्हणून घातली तर पुन्हा मालकांच्या गोष्टीला रंग आणण्यासाठीच सालदार वापरल्यासारखे होईल, आणि ते मला अधिक वाईट वाटते. त्याऐवजी एकाआड एक प्रकरण दगडूच्या तोंडून सांगावे असा विचार आहे. या लग्नाला निषिद्ध म्हणणाऱ्या मालकांकडे तो कोणत्या नजरेने पाहतो हे त्याच्या सांगण्यातच येईल. त्याच्या लेखी कदाचित हे सगळे पोटभरल्या घरातले रुसवेफुगवे असतील. तडजोडीने लग्न लागले असते, या मुद्द्याबद्दल मात्र मी ठाम आहे. लागू शकणारे लग्न न लागणे हे मला अधिक जवळचे वाटते, कारण तेथे दोष नियमावर ढकलता येत नाही, तो माणसांवर येतो.

आता एक प्रश्न उरतो. पहिल्या खर्ड्यात वैराचा भडका खुनाने उडत होता. आबांचा मुलगा विहिरीवर मारला जातो, असे होते. आता ते उसने वाटते. त्या जागी काय असावे?

उत्तर : कांदेबाग

मी शेतकरी आहे, कादंबऱ्या थंडीत वाचतो. खून काढून टाका आणि केळी कापा.

आमच्या भागात वैर काढण्याची ही रीत पेपरात नेहमी येते : रात्रीतून कोणीतरी उभी बाग आडवी करून जातो. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी सुमारे १,७४० खोडे बसतात. लावल्यापासून घड उतरेपर्यंत वर्ष जाते, आणि कापणारा येतो तो घड भरत आले असतानाच. केळीचे खोड म्हणजे नुसते पाणी. धारदार कोयत्याचा एक घाव पुरतो, आवाज होत नाही, आवाज होतो तो घडासकट झाड खाली आल्यावर, ओल्या पोत्यासारखा धप्प. दोन माणसे अर्ध्या रात्रीत एक एकर संपवतात. माणूस मेलेला नाही, म्हणून पोलीस फारसे धावत नाहीत. पण एका घराचे वर्ष, सोसायटीचे कर्ज आणि मुलीचे लग्न त्या रात्रीत गेलेले असते.

बाग किशोरची कापू द्या. कांदेबाग धरली आहे असे लिहा, म्हणजे लागवड ऑक्टोबरच्या आसपासची, आणि कापणी होण्याच्या आधी पुढच्या दिवाळीच्या सुमारास प्रसंग घडेल. कोणी कापली ते गावात सर्वांना कळते आणि कोणालाच सांगता येत नाही. तुमच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. केळीचा चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, काही दिसत नाही. वाळला की काळपट होतो आणि मग कशानेही निघत नाही, कापड फाटेपर्यंत डाग राहतो. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाचे रोजचे कपडे अशा डागांनी भरलेले असतात, त्यामुळे डाग हा पुरावा नाही. पण नानांचा बाजाराला जायचा पांढरा सदरा निराळा. तो बागेत कधी जात नाही. अंधारात घाईने खुंटीवरचा हाती लागेल तो घातला, पहाटे परत येऊन टांगला तेव्हा पांढराच होता, आणि वैशाली धुवायला घेते तेव्हा उजव्या बाहीवर, कोपराच्या खाली, तपकिरी ठिपक्यांची ओळ आहे. तिला दुसरे काही सांगावे लागत नाही. ती शेतकऱ्याची मुलगी आहे.

आबांचा सदराही तसाच झाला असेल तर मागच्या भिंतीवरून विरजणाबरोबर ती बातमीही येईल.

बोलीबद्दल विचारले नाही तरी लिहितो. दगडूच्या प्रकरणांत निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि बोलणी अहिराणीत होऊ द्या. ‘पाटनं पानी कोना बापनं शे?’ हे वाक्य नाना प्रमाण मराठीत बोलले तर ते भांडत आहेत असे वाटणार नाही, अर्ज देत आहेत असे वाटेल. आबा मात्र चारचौघांत मुद्दाम पुस्तकी बोलतील आणि चिडले की अहिराणीवर येतील.

उत्तर : फेरफार

कांदेबाग यांच्या प्रसंगाला जोडून थोडे. वादळाने केळी आडवी झाली तर पंचनामा होऊन काही मदत तरी मिळण्याची आशा असते. माणसाने कापलेल्या बागेला ती नसते. तेव्हा किशोरपुढे फिर्याद देणे एवढाच मार्ग आहे, आणि अशा फिर्यादीत बहुधा ‘अज्ञात इसम’ असेच लिहिले जाते. पंच येतात, खोडे मोजली जातात, किमतीचा अंदाज लिहिला जातो, आणि संशय कोणावर आहे का, असे विचारले जाते. किशोर त्या वेळी मामांचे नाव घेणार नाही असे मला वाटते. पुराव्याशिवाय नाव घेतले तर उद्या सोयरीक राहिलीच नाही. ज्या सदऱ्यामुळे नाव घेता आले असते तो नदीच्या अलीकडे आहे आणि तो वैशालीने पाहिला आहे. तिला जबाब देण्यासाठी बोलावतील असा प्रसंग रचू नका, तिला कोणी बोलावणारही नाही. जायचे असेल तर तिला स्वतःहून भडगावची बस धरावी लागेल, आणि त्या बसमध्ये अर्धे गाव असते.